मलमलीच्या पिशवीतला रिमोट

धाड गावच्या उकंडरावांना शंका यायला कारण लागत नसे. दूधवाल्याने माप जरा सढळ घातलं, तर हा माणूस खूश होण्याऐवजी दुधाकडे टक लावून बघे, की आज यात पाणी किती. कोणी रस्त्यात हसून रामराम घातला, तर घरी येईपर्यंत यांच्या डोक्यात एकच किडा, की त्याचं आपल्याकडे काय काम निघालं असेल. त्यांची बायको झुंबरबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या बुढ्यावर देव जरी प्रसन्न झाला ना बाई, तरी हे त्याले आधी आधारकार्ड मांगतीन."

पण सगळा दोष स्वभावाचा नव्हता, थोडा धंद्याचाही होता. उकंडराव मिरची पिकवत, पण खायची नव्हे, बियाण्याची. कंपनी दोन जातींची रोपं देते, एक नर आणि एक मादी. हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने अलगद उघडायची, तिचे स्वतःचे केसर काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या जातीचा पराग तिच्या टोकाला लावायचा. मग देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा असलेली मिरची बियाण्याची, बिनधाग्याची तोडून फेकायची. एवढं डोळ्यांत तेल घालून केलं, तरी कंपनी ते बी आपल्या शेतात लावून बघते. भलत्याच वाणाची झाडं उगवली की सगळा माल नापास! जाळीच्या एका फाटक्या भोकातून शिरलेली उनाड मधमाशी अख्ख्या हंगामाची माती करू शकते. या कामात ज्याचे केस पांढरे झाले, तो माणूस जगावर विश्वास टाकणार तरी कसा?

धागा बांधायची ज्याची त्याची तऱ्हा असते. जुन्या माणसाला गाठ बघूनच कळतं, की ही ओळ कोणाची. उकंडरावांची गाठ छोटी आणि नेटकी. झुंबरबाई डावखुरी, त्यामुळे तिचा धागा उलट्या अंगाने फिरायचा आणि गाठ अशी घट्ट बसायची, की सुटता सुटू नये. लग्न होऊन उंद्रीहून ती या घरात आली, तेव्हापासून दोघं एकमेकांच्या शेजारच्या ओळीत उभे राहून हेच काम करत आले होते. बोलणं कमीच व्हायचं. कळीवर नजर ठेवून माणूस बोलणार काय?

आणि या हंगामात उकंडरावांजवळ लपवण्यासारखी एक गोष्ट होती. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

सुरुवातीला त्यांनी थंडीवर ढकललं, मग जुन्या चष्म्यावर. पण कळीच्या आत चिमटा गेला की त्याचं टोक नाचायचं आणि नको ते मोडायचं. मोडलेली कळी ते गुपचूप मुठीत घेत आणि बांधावर नेऊन मातीत दाबत. कपबशी वाजते म्हणून चहा सोडला आणि घरात सांगितलं, की पित्त होतं. चारचौघांत हात खिशात. हे कळलं असतं, तर निवृत्ती नावाचा कंपनीचा माणूस पुढच्या हंगामाचा प्लॉट बिनबोभाट दुसऱ्याला देऊन मोकळा झाला असता. थरथरत्या हाताला बियाणं कोण देतो? अख्ख्या धाडमध्ये ज्याचा हात नावाजलेला, त्याच्याच हाताने दगा द्यावा, याचं उकंडरावांना फार वाईट वाटे. वाईट वाटण्यापेक्षा भीती जास्त वाटे.

अशात निवृत्ती प्लॉट बघायला आला. उकंडरावांची ओळ बघून म्हणाला, "काका, तुमची लाइन सगळ्यात भारी धरली यंदा. काय हात आहे तुमचा!"

उकंडरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्या ओळीत काय धरलं असणार, हे आपल्याला माहीत. हा पोरगा तारीफ कशाची करतो? टोमणा मारतो की पाणी जोखतो? त्यांनी हात खिशात आणखी खोल घातला आणि नुसतं "हाव" म्हणाले. आपली ओळ वाकून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. खरं तर पहिले काही दिवस सोडले, तर त्यांनी तिच्याकडे नीट बघणंच टाकलं होतं. आपली फजिती रोज रोज कोण मोजतो?

त्याच आठवड्यात वादळाने छतावरची टीव्हीची छत्री उडाली आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन पडली. वाळूजला कारखान्यात असलेला मुलगा कुलदीप फोनवर म्हणाला, "बाबा, आता छत्री बसवू नका. घरात वायफाय तर आहेच. एक स्ट्रीमिंगचं यंत्र घ्या, टीव्हीच्या मागं लावा, सगळं दिसते."

"सगळं म्हंजे?"

"सगळं म्हंजे सगळं. बातम्या, कीर्तन, कुस्त्या, शेतीचे व्हिडिओ."

"अन् आपलं त्याले काय काय दिसते?" उकंडरावांनी विचारलं.

कुलदीप हसला. त्या हसण्यानेही त्यांना शंका आली. पण बातम्यांशिवाय राहवेना, म्हणून बाजाराच्या दिवशी ते शालिग्रामच्या दुकानात गेले. झुंबरबाईही सोबत आली, कधी नव्हे ती.

शालिग्राम गावातला विजेच्या सामानाचा दुकानदार, जिभेवर कायम साखर. त्याने काचेवर तीन डबे मांडले. पहिल्यात अंगठ्याएवढं यंत्र, पेनड्राइव्हसारखं. त्याला स्टिक म्हणतात, टीव्हीच्या मागच्या खाचेत खुपसून द्यायची. दुसरा चौकोनी काळा बॉक्स, जरा महाग, पण वायर लावून नेटही घेता येतं. आणि तिसरा एक चकचकीत डबा, ज्याच्यावर कंपनीचं नावच नव्हतं.

"हा पाहा काका," शालिग्राम तिसऱ्यावर हात ठेवून म्हणाला. "याच्यात सारं फुकट. एकदा घेतला की जिंदगीभर पैसे भरायचं काम नाई."

उकंडरावांनी डबा उलटा केला, सुलटा केला, नाकाजवळही नेला. "याचा बाप कोन?"

"म्हंजे?"

"बनवला कोनं? बिघडला तं कोनाच्या दारात जाऊ? अन् जो सारं फुकट देते, तो घेते काय?"

शालिग्रामच्या जिभेवरची साखर जरा पातळ झाली. त्याने तिसरा डबा हळूच मागे सरकवला. "तसं म्हनसान तं... त्याले पुढं अपडेट येत नाई. चोरीचं दाखवते, कवा बंद पडन त्याचा भरोसा नाई. त्याच्यातून तुमच्या मोबाइलचा पासवर्डबी कोनी उचलू शकते म्हनतात."

"मंग काऊन दाखवला बे?"

"लोकं मांगतात काका."

त्या एका बाबतीत उकंडरावांचा संशय सोळा आणे खरा निघाला, आणि त्यांची छाती अशी फुगली, की उरलेल्या दोघांचीही त्यांनी उलटतपासणी मांडली. आपल्या टीव्हीला खाच आहे का? कुलदीपच्या लग्नात घेतलेला टीव्ही, खाच होती. नेट हळू असलं तर अडकेल का? अडकेल. मग शालिग्रामने रिमोट पुढे केला आणि घोडं पेंड खाऊ लागलं. रिमोटवर एक बटण होतं, त्याच्यावर माइकचं चित्र.

"हे काय?"

"याच्यात बोला, टीव्ही ऐकते."

"ऐकते?" उकंडरावांनी रिमोट असा खाली ठेवला, जसा काही हाताला चटका बसला. "घरातलं सारं ऐकन हे? मले नाई पाह्यजे. बिनकानाचा दाखव."

"बटन दाबलं तवाच ऐकते काका. नाई तं मुकाट पडून राह्यते."

"हे तुले त्यानं सांगतलं, का त्याच्या बापानं?"

आतापर्यंत पदर सावरून गप्प उभी असलेली झुंबरबाई पुढे झाली. सहीपुरती अक्षरओळख असलेली बाई. मोबाइलमध्ये तिला फक्त हिरवं आणि लाल बटण कळायचं. तिने विचारलं, "आपल्या बोलीत बोललं तं समजते काय याले, भाऊ?"

"बोलून पाहा ना काकू."

तिने रिमोट तोंडाजवळ धरला आणि लाजत म्हणाली, "मिरचीची क्रॉसिंग कशी करतात ते दाखव." दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर क्षणात हिरवीगार शेडनेट उघडली आणि कुठलीशी बाई चिमटा घेऊन कळीवर वाकलेली दिसली. झुंबरबाईच्या तोंडावर असं काही उजेड पडल्यासारखं हसू आलं, की उकंडरावांनी कित्येक वर्षांत तसं बघितलं नव्हतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने कोणाला न विचारता काही शोधून काढलं होतं.

"हेच घेऊ," ती म्हणाली. सहसा ती काही मागायची नाही. मागितलं म्हणून उकंडरावांनी काळा बॉक्स घेतला आणि मागितलं म्हणूनच त्यांच्या मनात आलं, की हिला कशाला हवं आहे हे?

घरी येऊन त्यांनी कळीचं जे करतात, तेच रिमोटचं केलं. मागे एकदा दोडक्याच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता, तेव्हा फुलं झाकायला मलमलीच्या छोट्या पिशव्या शिवल्या होत्या. त्यातली एक काढली, रिमोट आत घातला आणि तोंडाला लाल लोकर गुंडाळून गाठ मारली. बाहेरचं आत जाऊ नये आणि आतलं बाहेर पडू नये, यासाठी याहून खात्रीचा उपाय त्यांना ठाऊक नव्हता. बातम्या बघताना पिशवी सोडायची आणि टीव्ही बंद झाला की पुन्हा बांधायची. माइकच्या बटणाला हात लावायचा नाही, असा घरात कायदा झाला.

थोडे दिवस बरे गेले. फक्त एका दुपारी ते खत आणायला चिखलीला जाऊन आले, तेव्हा पिशवीची गाठ काही केल्या सुटेना. नख लावलं, दात लावले. आपली बोटं आता गाठही सोडवू शकत नाहीत, असं त्यांना वाटलं. शेवटी सुटली एकदाची. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात?

आणि मग दुसऱ्याच दिवशी टीव्हीने त्यांना धरलं.

बातम्या लावायला म्हणून त्यांनी टीव्ही सुरू केला. पडद्यावर नेहमी कुस्त्यांची आणि बाजारभावाची चित्रं यायची. आज तिथे एका डॉक्टरचं तोंड होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हात थरथरतात? दुर्लक्ष करू नका.' त्याच्या बाजूला दुसरं, 'हात कापण्याची कारणं आणि उपाय.' त्याच्या बाजूला हाताचे व्यायाम करणारा एक म्हातारा.

उकंडराव मटकन खाटेवर बसले. त्यांनी आधी उजवा हात मांडीखाली दाबला आणि मग हळूच टीव्हीकडे बघितलं, जसा काही तो परत बघत होता. हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. बायकोला नाही, पोराला नाही, डॉक्टरला नाही. माहीत होतं ते फक्त त्यांना आणि बांधावरच्या मातीला. मग याला कळलं कसं? कुठून तरी बघतंय हे. आणि बघतंय म्हणजे कोणाला तरी सांगत असणार. निवृत्तीची ती तारीफ! कंपनीनेच तर हे डबे गावात घातले नसतील, कोणाचा हात कसा आहे ते बघायला? एरवी हसून सोडून द्यावा असा विचार, पण घाबरलेल्या माणसाला तो अगदी सरळ वाटला.

त्यांनी मागची वायर उपटली, बॉक्स टॉवेलात गुंडाळला आणि तडक शालिग्रामच्या दुकानात जाऊन आदळला.

"कॅमेरा काढ याच्यातला!"

शालिग्राम घाबरला. त्याने बॉक्स चारही बाजूंनी दाखवला, खालचे स्क्रूही उघडून दाखवले. "काका, कॅमेरा आहे कुठं याच्यात? तुमची आन."

"मंग याले कसं माहीत पडलं?"

"काय माहीत पडलं?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. उकंडराव एवढंच म्हणाले, "जे मी कोनाले बोललो नाई, ते दाखवून राह्यलं हे."

"काका, हे मनानं काई दाखवत नाई. घरात कोनी काई विचारलं, की मंग त्याच्यासारखंच आनून आनून समोर ठेवते. बुवाचं कीर्तन मांगा, चार बुवा आनते. तुमी नसन विचारलं, तं घरातल्या कोनी तरी विचारलं असन."

"घरात कोन हाय? मी अन् बुढी. तिले लिहिता येते काय?"

"लिहायचं काम कुठं हाय?" शालिग्राम सहज म्हणाला. "बोलता येते ना."

उकंडराव घरी आले, ते बॉक्स काखेत आणि डोकं भणाणलेलं. झुंबरबाई शेतात गेली होती. रिमोट सकाळच्या गडबडीत खाटेवर उघडाच टाकून ते गेले होते. आता तो कोनाड्यात होता, पिशवीत, बांधलेला. त्यांनी तो उजेडाकडे नेला. त्यांची स्वतःची गाठ अलीकडे कशी पडायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सैल, लोंबती, लाज आणणारी. ही गाठ दगडासारखी घट्ट होती, आणि धागा उलट्या अंगाने फिरला होता. काल दात लावूनही गाठ सुटत नव्हती, ती त्यांच्या बोटांची चूक नव्हती. ती त्यांची गाठच नव्हती.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शेडनेटकडे निघाले. चालता चालता निवृत्तीचे शब्द डोक्यात वाजू लागले आणि पावलं आपोआप भराभर पडू लागली. जाळीचं दार सारून ते आपल्या ओळीत शिरले आणि पहिल्याच झाडापाशी खाली बसले. आज बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपली ओळ नीट बघितली. लाल धागे भरगच्च होते, त्यांनी बांधले होते त्याहून कितीतरी जास्त. मधूनच त्यांची एखादी सैल गाठ दिसे. बाकी झाडामागून झाड, फांदीमागून फांदी, सगळे धागे उलट्या अंगाने फिरलेले.

ते पाण्याची मोटर बघायला जात, तेव्हा ती त्यांच्या ओळीत येत असणार. मोडलेल्या कळ्या सोडून नवी कळी धरत असणार, आपली ओळ झाल्यावर यांची. या पोरकट माणसाने बांधाची माती उकरून कळ्या पुरल्या, त्याही तिने बघितल्या असणार. आणि जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतलेल्या उकंडरावांनी फक्त हिच्यावर कधी मनापासून घेतला नव्हता, कारण हिला काय कळतं, असं ते धरून चालले होते. त्यांना स्वतःची शरम वाटली. भर दुपारी, मिरचीच्या झाडापाशी बसून ते रडले.

"काय झालं? साप निंघाला काय?" पलीकडच्या ओळीतून झुंबरबाई धावत आली. तिने त्यांचं तोंड बघितलं, त्यांच्या बोटांत धरलेली फांदी बघितली आणि तिला कळलं. ती शेजारी बसली.

"मले काऊन नाई सांगतलं?" उकंडरावांनी विचारलं.

"तुमी सांगतलं होतं काय मले?" ती म्हणाली. "तुमी लपवून राह्यले होते, मंग मी उघडं कसं करू? पन कोनाले तरी विचारा लागत होतं ना. डॉक्टरले विचारावं तं तो तुमालेच बलावन. कुलदीपले सांगावं तं तो गावभर फोन करन. मंग म्या त्याले विचारलं, रिमोटले. म्हनलं, आमच्या मानसाचा हात थरथरते, काय करू?"

"मंग काय म्हने ते?"

"म्हने, घाबरू नका. पन डॉक्टरले दाखवा. लय परकारचं असते म्हनते, काईले गोळी-औषध असते, काई असंच राह्यते." तिने चिमटा पदराला पुसला. "तुमी चिखलीले गेले, तवा दुपारभर विचारत होती मी. कवा काई सांगते, कवा काई, पन डॉक्टरले दाखवा हे दर बारीले सांगते."

उकंडरावांनी उजवा हात खिशातून काढला आणि तिच्यासमोर मांडीवर ठेवला. तो थरथरत होता. तिने त्याला धरलं नाही, नुसतं बघितलं, नीट, कळी बघतात तसं.

दोघं बुलढाण्याला डॉक्टरकडे जाऊन आले. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरकही पडला, पण डॉक्टरने साफ सांगितलं, की चिमट्याचं बारीक काम आता विसरा.

तोडणी होऊन बी कंपनीच्या शेतात पास झाल्यावर निवृत्ती पुढच्या हंगामाचं ठरवायला घरी आला. झुंबरबाईने चहा आणला, निवृत्तीसाठी एकच कप. उकंडराव म्हणाले, "मलेबी."

"पित्त होईन ना."

"होऊ दे."

तिने दुसरा कप त्यांच्यासमोर ठेवला. उकंडरावांनी तो उजव्या हाताने उचलला. बशी खडखडली, कप डचमळला, चहा धोतरावर सांडला, आणि त्यांनी तो तसाच, निवृत्तीच्या डोळ्यांदेखत, तोंडापर्यंत नेला.

"पाह्यलं ना?" उकंडराव म्हणाले. "हा हात हाय माहा. यंदा ज्या लाइनची तू तारीफ केली, ते हिनं बांधली. दोन्ही लाइनी हिच्याच होत्या. प्लॉट द्यायचा असन, तं हिच्या नावानं दे. नसन द्यायचा, तं चहा पी अन् जाय."

निवृत्तीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा झुंबरबाईकडे. कंपनीला बी हवं होतं, आणि या घरचं बी पास झालं होतं. "काकू, पूर्ण नाव सांगा तुमचं," तो म्हणाला.

झुंबरबाईला आपलं पूर्ण नाव सांगायची सवय नव्हती. ती गोंधळली, मग तिने ते सांगितलं, सावकाश. सांगून झाल्यावर नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अन् तुमी काय करसान आता?"

"मी जाळीची राखन करीन. कुठं भोक पडलं, कोनती माशी शिरली, ते पाहीन." त्यांनी उरलेला चहा संपवला. "शक घ्याचं काम मले बरं जमते."

निवृत्ती गेल्यावर त्यांनी कोनाड्यातला रिमोट पिशवीतून काढला, तिच्या हातात दिला आणि मलमलीची पिशवी चुलीत टाकली.